लेकीच्या पुस्तकांतल्या सात आया

टेलरबाईंनी आपल्या लेकीचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. दिवसभर सुईच्या नेढ्यात दोरा ओवून डोळे इतके शिणत, की संध्याकाळी वर्तमानपत्राचा मथळासुद्धा त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखा दिसे. शिवाय पहिलं पुस्तक निघालं तेव्हा लेकीनंच सांगितलं होतं, "तुला नाही आवडायचं, आई." टेलरबाईंनी तो शब्द प्रमाण मानला. पुस्तकं मात्र त्या दुकानात मिरवत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल, आणि भिंतीवरच्या फळीवर रिळांच्या डब्यांना टेकून सात कादंबऱ्या. पँट आखूड करून घ्यायला आलेल्या माणसाला टेलरबाई आधी फळी दाखवत आणि मग आरसा.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एके दिवशी पडद्याची दांडी बसवताना त्या स्टुलावरून घसरल्या आणि घोटा मोडून बसल्या. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे मशीनला पाय लावायचा नाही म्हणून बजावलं. हातशिलाईची कामं होती ती दोन दिवसांत उरकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं ओढून पाहिली. चौथ्या दिवशी त्या नवऱ्याला स्वच्छतेबद्दल काहीबाही सुचवू लागल्या, तेव्हा तो बिचारा घाबरला. नवरा जन्मभर घड्याळं दुरुस्त करायचा. आता त्यानं आपलं दुकान बंद केलं होतं, तरी सगळे त्याला घड्याळवालेच म्हणत.

"लेकीची पुस्तकं वाच की," घड्याळवाले म्हणाले आणि सातही कादंबऱ्या खाली काढून त्यांच्या मांडीवर ठेवून मोकळे झाले.

पहिल्या पुस्तकातली आई चौथ्या पानावर तापानं गेली. टेलरबाईंना वाईट वाटलं. होतं असं, गोष्टच आहे. दुसऱ्या पुस्तकातली तर पहिल्या पानाच्या आधीच गेलेली होती, भिंतीवर नुसता फोटो. तिसरीनं मात्र चांगली तग धरली. विसाव्या पानावर ती धडधाकट होती, पंचविसाव्या पानावर ती लेकीला रागावली, तेव्हा टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. एकतिसाव्या पानावर तिची होडी उलटली.

आता त्या सावध झाल्या. चौथी आई खळखळून हसणारी होती. तिचं हसू ऐकून समोरच्या घरातले लोक खिडकी उघडून पाहत. बाराव्या पानावर तिचं हृदय बंद पडलं. सहावी दूध आणायला म्हणून गेली ती परतलीच नाही. टेलरबाई शेवटच्या ओळीपर्यंत तिची वाट पाहत राहिल्या. सातवीला गांधीलमाशी चावली. पण खरा घाव पाचव्या पुस्तकानं घातला. त्यातली आई कपडे शिवायची. सातव्या पानावर तिला सुई टोचली, बोट सुजलं आणि आठ दिवसांत कारभार आटोपला.

"अहो," टेलरबाईंनी हाक मारली. "मला आजवर किती वेळा सुई टोचली असेल?"

घड्याळवाल्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "हजारदा तरी."

"मग मी मेले का?"

"नाही," घड्याळवाले जपून म्हणाले.

"तुमच्या लेकीनं मला सात वेळा मारलंय. एकदाही चाळिसावं पान बघू दिलं नाही."

घड्याळवाल्यांना यात नवीन काही नव्हतं. त्यांनी प्रत्येक पुस्तक दोनदोनदा वाचलं होतं आणि अतिशय समाधानानं वाचलं होतं. कारण सातही पुस्तकांत वडील जिवंत होते, आणि नुसते जिवंत नव्हते. ते लेकीच्या केसांच्या दोन वेण्या घालत, ती रुसली की खिडकीशी बसून तिचं दुःख ऐकत, आणि एका पुस्तकात तर त्यांनी तिच्यासाठी नोकरीवर लाथ मारली होती.

"वेण्या घातल्या म्हणे," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःचा भांग सरळ पाडता येत नाही."

"भावना महत्त्वाची असते," असं म्हणून घड्याळवाल्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

त्याच आठवड्यात जवळच्या वाचनालयातला नवा ग्रंथपाल एक पँट घेऊन आला. बदलीवर येऊन त्याला महिना झाला होता, आणि तेवढ्यात त्याची पँट कमरेला सैल झाली होती. स्वतः रांधून खाणारा माणूस. टेलरबाईंनी त्याला टेबलाजवळ उभं केलं, खुर्चीतूनच हात लांबवून कमरेशी टाचण्या लावायला सुरुवात केली. ग्रंथपालाचं लक्ष पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे गेलं.

"अरे वा, तुम्ही यांच्या वाचक का? पुढच्या शनिवारी दुपारी आपल्याकडे कार्यक्रम आहे त्यांचा. या नक्की." त्यानं खिशातून एक पत्रक काढलं. "यातला परिचय मीच लिहिलाय."

टेलरबाईंच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यांनी पत्रक हातात घेतलं. त्यात लिहिलं होतं: 'बालपणीच आईचं छत्र हरपल्याने त्यांच्या लेखनाला कारुण्याची धार आली आहे.'

त्यांनी एकेक करून चारही टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "कशानं गेली म्हणे आई?"

"ते त्या कुठे सांगत नाहीत," ग्रंथपाल हळू आवाजात म्हणाला. "पण मला वाटतं, त्या सुईच्या प्रसंगात काहीतरी खरं असावं. अनुभवाशिवाय इतकं आतून येत नाही."

"असेल बाई," टेलरबाई म्हणाल्या. "किती घ्यायची कमरेत? दोन बोटं पुरे?"

ग्रंथपाल जाईपर्यंत त्यांनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. आपण त्याच्या लेखी मेलेलो आहोत आणि त्याच्याच कमरेची मापं घेत आहोत, याचं त्यांना हसू येत होतं आणि रडूही. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूला ठेवलं आणि रविवारची वाट पाहिली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर रविवारी यायची.

रविवारी ती आली, आईच्या पायाखाली उशी सरकवली, आणि तिची नजर टेबलावर गेली. सातही पुस्तकं उघडी पडली होती. प्रत्येकात एकेक पान खडूनं खूण करून ठेवलेलं. ते पान कुठलं, हे तिला लांबूनच कळलं.

"वाचलीस वाटतं," ती म्हणाली.

"मी तुला काय कमी केलं?"

"आई, तसं काही नाही."

"लहानपणी मारलं असेन एखाददुसरी चापट. म्हणून काय गांधीलमाशी?"

लेक टेबलाशी बसली. ती दमलेली दिसत होती. "हे बघ, घरात आई असली की गोष्ट पुढेच सरकत नाही. समज, माझ्या नायिकेला पहाटे एका अनोळखी माणसाबरोबर जहाजावर जायचंय. ती जिना उतरते. खाली आई उभी. आई विचारते, कुठे निघालीस? कोण आहे तो? काही खाल्लंस का? संपली कादंबरी. आठव्या पानावर मुलगी परत अंथरुणात."

"मग बरंच झालं की. त्या जहाजावर किती हाल झाले तिचे."

"पण ते हाल म्हणजेच पुस्तक आहे."

"आणि बापाची अडचण होत नाही? तो तर प्रत्येक पुस्तकात जिवंत."

"बाबा काही विचारत नाहीत ना," लेक म्हणाली. आतल्या खोलीत एकदम एक घड्याळ टिकटिकायचं थांबलं. घड्याळवाले कान देऊन ऐकत असावेत.

टेलरबाईंनी पत्रक पुढे केलं. लेकीनं ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे मी नाही सांगितलं. लोकच धरून चालतात. पहिल्या पुस्तकानंतर एक बाई माझा हात धरून रडल्या. त्यांना कसं सांगू, की आमची आई घरी बसून लोकांच्या पँटींच्या चेना बदलतेय?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते किती वाईट होतं ते तिला कळलं. पण तोवर उशीर झाला होता. टेलरबाई म्हणाल्या, "चेना बदलूनच तुझ्या शिक्षणाची पुस्तकं आली," आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. लेक चहा तसाच टाकून गेली.

दोन दिवस टेलरबाई कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकं पुन्हा हातात घेतली. यावेळी मनात वेगळाच राग होता. त्या शिवणातल्या चुका शोधणार होत्या. लेकीला लिहिता येत असेल, पण कपड्यातलं तिला काय कळतं ते दाखवून द्यायचं होतं. खडू घेऊन त्या बसल्या.

पहिल्याच पुस्तकात चूक सापडली. पोरक्या मुलीचा तपकिरी कोट बाह्यांना आखूड झाला म्हणून तिनं स्वतःच करड्या कापडाचे तुकडे जोडले होते, टाके बाहेरून. बाहेरून कोण टाके घालतं? टेलरबाईंनी खूण केली. तिसऱ्या पुस्तकात तीच मुलगी नव्हती, पण कोट होता, करड्या मनगटांचा. पाचव्यातही होता. सातव्यात तर अख्खं पान होतं: कोट घेताना त्याच्या आत मोठी दुमड ठेवलेली असते, पोर वाढली की उसवायला, पण दुमड आहे हे ठाऊक असलेली एकुलती बाई आता नसते, आणि मुलगी दोन हिवाळे उघड्या मनगटांनी काढते.

टेलरबाईंच्या हातातला खडू खाली पडला.

तो कोट त्यांचा होता. त्या सात वर्षांच्या असताना त्यांची आई गेली आणि मामानं त्यांना आपल्या घरी नेलं. मामा वाईट नव्हता, मामीही नव्हती. पण त्या घरात आधीच नऊ माणसं होती, आणि नऊ माणसांच्या घरात कोणाच्या मनगटाकडे कोण पाहणार? करडं कापड मामाच्या जुन्या पँटीचं होतं. टाके बाहेरून घातले, कारण आतून घालतात हे सांगायला कोणी नव्हतं. आतली दुमड त्यांना सापडली ती पुढे बारा वर्षांच्या झाल्यावर, कोट फाडून पायपुसणं करताना. चार बोटं कापड, नवंकोरं.

हे त्यांनी कोणालाही कधी सांगितलं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं. पण मुलांचे कोट शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या न चुकता म्हणायच्या, "दुमड आहे हे घरात दोघांना तरी माहीत असू द्या हो." बाया विचारायच्या, का? आणि मशीन चालवता चालवता थोडंथोडं तोंडातून निघायचं. तेव्हा कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत बसून एक मुलगी खेळत असायची. ती खेळत नव्हती तर, ऐकत होती.

इतके दिवस टेलरबाई त्या सात मेलेल्या बायांत स्वतःला शोधत होत्या. त्या तिथे नव्हत्याच. जिन्यावरून उतरणारी, जहाजावर चढणारी, करड्या मनगटांची पोर त्या होत्या.

"अहो," त्यांनी आत हाक मारली. "शनिवारी आपण वाचनालयात जायचंय."

घड्याळवाल्यांनी त्या दिवशी लग्नातला सूट घातला. टेलरबाईंनी तो बुधवारीच हातानं ढिला करून ठेवला होता. वाचनालयात पन्नासेक माणसं होती, बहुतेक बायका, आणि बऱ्याच जणींनी रुमाल आणले होते. कुबडी टेकत टेलरबाई आल्या तेव्हा ग्रंथपालानं लगबगीनं त्यांना पहिल्या रांगेत जागा दिली. "यांनी माझी पँट बसवली," असं त्यानं व्यासपीठावरून लेकीला कौतुकानं सांगितलं. लेक पाणी पिता पिता थांबली.

कार्यक्रम चालू झाला. लेकीनं एक उतारा वाचला, पण दोनदा ओळ चुकली. मग प्रश्न. दुसऱ्या रांगेतली एक जाडजूड, दणकट बाई उठली. ती बेकरी चालवायची. "मी तुमची सगळी पुस्तकं वाचलीत," ती म्हणाली. "सुईच्या प्रसंगानंतर तीन दिवस माझ्याकडून पाव जळत होते. मला एवढंच विचारायचंय, तुमच्या आईंना जाऊन किती वर्षं झाली?"

रुमाल वर आले. लेकीनं आईकडे पाहिलं. टेलरबाईंनी मदत केली नाही, त्या छताकडे बघत राहिल्या.

"माझी आई," लेक म्हणाली, "तुमच्या पुढच्या रांगेत बसलीये."

पन्नास माना वळल्या. ग्रंथपालानं नकळत स्वतःची कंबर चाचपली. बेकरीवालीनं टेलरबाईंना वरपासून प्लॅस्टरपर्यंत नीट पाहून घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणता आलं नसतं. "म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात?"

"घोटा सोडला तर," टेलरबाई म्हणाल्या. "तुमच्या पावांबद्दल वाईट वाटतं."

कोणीतरी हसलं. बेकरीवाली मात्र हसली नाही. "मग ते सगळं खोटं?"

टेलरबाई कुबडीवर भार देऊन उठल्या. चार लोकांत बोलायची त्यांना सवय नव्हती, तेव्हा त्या गिऱ्हाइकाशी बोलतात तशाच बोलल्या. "खोटं नाही. आई माझी गेली. मी सात वर्षांची होते. हिनं ते माझ्याकडून उचललं आणि मला पत्ता लागू दिला नाही. कोट माझाच आहे. एक मात्र चुकलंय. यातल्या मुली गच्चीवर जाऊन रडतात. मी नाही रडले. मला वेळच नव्हता, नऊ माणसांची बटणं होती. रडू मला पहिल्यांदा आलं ते हिला न्हाऊ घालताना. पोर साबणात माखलेली, आणि डोळ्यांत फेस गेल्यावर आधी काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला?"

एवढं बोलून त्या बसल्या. बेकरीवालीनं रुमाल घेतला. आता तिला हक्कानं रडता येत होतं, आणि तिनं ते मनापासून केलं. व्यासपीठावर लेक पुस्तकाची पानं उगाच उलटत राहिली.

चहाच्या वेळी गर्दी लेकीभोवती जमायची ती घड्याळवाल्यांभोवती जमली. "तुम्ही खरंच वेण्या घालायचात?" एकीनं विचारलं. "जमेल तशा," घड्याळवाले विनयानं म्हणाले. बायकोची नजर येताच त्यांनी बिस्किटाच्या ताटलीकडे मोर्चा वळवला.

मायलेकी बाहेर पायरीवर बसल्या. रस्त्यावर एक माणूस शिडी घेऊन दिवे पुसत होता.

"मी तुला विचारायला हवं होतं," लेक म्हणाली.

"हो."

"रागावलीस?"

"चेनांबद्दल रागावले. बाकीचं चालेल."

"चेनांचं चुकलंच माझं." लेकीनं आईच्या प्लॅस्टरवर हात ठेवला. "कशी होती ती? तुझी आई?"

टेलरबाईंनी खरंच आठवून पाहिलं. "मला काही आठवत नाही गं. कोट घेतानाचा तिचा हात आठवतो. चेहरा नाही, आवाज नाही. लोकांनी काही सांगितलंही नाही." त्या जरा थांबल्या. "तुझ्या चौथ्या पुस्तकातली आहे ना, मोठ्यानं हसणारी? ती मला पटली. तशी असू शकेल."

"ती मी मनानंच लिहिली."

"मग काय झालं? मला कुठे दुसरी माहीत आहे. तिला फार लवकर घालवलीस तू. बारा पानं म्हणजे काय? मला ती धड बघूनही झाली नव्हती. पुढच्या पुस्तकात तिला पुन्हा आण आणि जरा राहू दे."

"आई, गोष्ट पुढे सरकली पाहिजे."

"दोनशे पानं राहू दे."

"दोनशे पानांत पुस्तकच संपतं. पन्नास."

"पन्नासात तर नुसती ओळख होते. दीडशे."

"ऐंशी. आणि ती नायिकेला जिन्यात अडवणार नाही."

"अडवेल, पण एकदाच," टेलरबाई म्हणाल्या, आणि सौदा शंभर पानांवर ठरला.

आठवं पुस्तक दीड वर्षानं आलं. प्रकाशकाची तक्रार होती की कथा फार उशिरा सुरू होते. शंभर पानं ही बाई नुसती हसते, भांडते, पोरीचे कोट शिवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते. लेकीनं एक ओळही कापू दिली नाही. घड्याळवाल्यांनी ते दोन रात्रींत वाचलं आणि ते जरा हिरमुसले, कारण यातल्या वडिलांना फारसं काम नव्हतं.

टेलरबाईंनी ते दिवसाला तीन पानं असं वाचलं, दुपारी मशीन बंद करून. मधेच त्या एकट्या हसत. एकदा त्यांनी पुस्तकातल्या बाईशी मोठ्यानं वाद घातला, पोरीला इतकं लाडावू नये म्हणून. नव्व्याण्णवावं पान झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, रिळांच्या डब्यांशेजारी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

ती बाई पुढे कशानं गेली हे त्यांना आजही माहीत नाही. घड्याळवाल्यांना बोलायची बंदी आहे. गिऱ्हाइकांत मात्र वाचणारे निघतात, आणि एखादी बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "काय हो ते शेवटी तिचं..." तेवढ्यात टेलरबाई गळ्यातली टेप काढतात आणि म्हणतात, "हात वर करा, आणि श्वास रोखून धरा." मग त्या छातीचं माप घेतात, तेही अगदी सावकाश.